देवरे काकांची दुहेरी काच

देवरे काका गेले त्या दिवशी त्यांच्या फ्लॅटचं दार सकाळपासून संध्याकाळपर्यंत सताड उघडं होतं. माणसं येत होती, जात होती, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. बाहेर पावसाची झड आणि वारा घरातून आरपार. आमच्या सोसायटीतला जो तो आत शिरताना सवयीनं मागे वळायचा, दाराला हात लावायचा, आणि मग आठवून तसंच सोडून द्यायचा. मीही तेच केलं. त्या घरात जाऊन दार लोटून न घेणं आमच्यापैकी कुणाला जमतच नव्हतं. दार अर्धवट राहिलं, तर आतल्या खोलीतून हाक यायची, "दार!" एवढंच. पाहुणा कोण आहे, कशाला आलाय, हे सगळं नंतर.

काका मूळचे देवळ्याकडचे. नोकरी सगळी एकलहऱ्याला, औष्णिक वीज केंद्रात. तिथं ते काय करत, हे त्यांच्या भावकीतल्या लोकांना कधीच नीट कळलं नाही. गावाकडे सांगायचे, "वीज बनवतो." पण त्यांचं खरं काम होतं वाफेच्या नळ्यांवरचं जाड आवरण सांभाळायचं. कुठं फाटलंय, कुठं सुटलंय ते फिरून शोधायचं आणि बुजवून घ्यायचं. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेतली ऊब वाटेतच सांडायची, हे त्यांना सहन होत नसे. 'सांडणे' हे क्रियापद त्यांचंच. आपण दूध सांडतं म्हणतो, त्याच कळवळ्यानं ते म्हणायचे, "अहो, ऊब सांडतेय!" उन्हाळा आला की गारवा सांडायचा. फ्रिजचं दार उघडून आत काय आहे ते बघत उभा राहणारा माणूस त्यांच्या लेखी सरकारी मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांत मोडत असे.

निवृत्त झाल्यावर नळ्या राहिल्या एकलहऱ्याला आणि काका आले आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. मग त्यांनी घरं तपासायला घेतली.

आम्ही त्यांच्यानंतर तिथं राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. आई देव मांडत होती. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर समोर एक सडपातळ गृहस्थ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात पेटलेली अगरबत्ती. आईला भरून आलं. केवढा धार्मिक शेजार मिळाला! तिनं त्यांना अगत्यानं देवघराकडे नेलं. काकांनी देवांकडे पाहून मान लववली आणि सरळ पुढे जाऊन अगरबत्ती खिडकीच्या चौकटीशी धरली.

"धूर बघा," ते म्हणाले. "सरळ वर जायला पाहिजे. हा आत वळतोय. म्हणजे फट आहे."

"असू दे हो," आई म्हणाली, "तेवढाच वारा येतो."

"तुम्हाला वारा वाटतो, वहिनी. मे महिन्यात इथूनच झळ येईल आणि जानेवारीत इथूनच घरातली ऊब सांडेल. उष्णतेला दार लागत नाही, तिला एवढं पुरतं." आणि त्यांनी करंगळीचं नख दाखवलं.

सगळ्या खिडक्या फिरून झाल्यावर उरलेली अगरबत्ती त्यांनी आमच्या देवापुढे लावली. त्यांच्या घरीसुद्धा देवाच्या वाट्याला नेहमी उरलेलीच यायची, हे मला पुढे कळलं. मी शाळेत शिकवते हे ऐकल्यावर त्या दिवसापासून मी त्यांची 'टीचर' झाले. आमच्या शाळेच्या वर्गांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, हा त्यांचा मला विचारलेला पहिला प्रश्न.

अगरबत्ती नसेल तेव्हा ते हाताची मागची बाजू वापरत. तळव्याला काही कळत नाही, तो निबर असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की आधी हात उलटा करून भिंतीपाशी, दारापाशी, खिडकीपाशी फिरवत. आजारी माणसाला भेटायला गेले तरी त्याच्या कपाळाआधी त्याच्या खिडकीला हात लागायचा.

एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला सटाण्याकडे गेले होते. ही हकिगत इंदूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथं पोह्यांची बशी घेऊन बसले होते असं मला वाटतं. मुलीच्या वडिलांचा कांद्याचा मोठा व्यापार. बैठकीच्या खोलीत सगळे मांडीवर हात ठेवून बसलेले. मुलगी पोहे घेऊन आली, तोवर काका उठून खिडकीशी पोचले होते. वडिलांना वाटलं, पाहुणे जमीन बघताहेत.

"ते पलीकडचं, बांधापर्यंत, सगळं आपलंच," ते अभिमानानं म्हणाले.

"जमीन ठीक आहे," काका म्हणाले, "पण ही खिडकी पश्चिमेची आहे. दुपारी खोली तापत असेल."

काकूंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ती मुलगीच ट्रे हातात धरून म्हणाली, "तापते ना. म्हणून आम्ही बाहेरून ओलं बारदान सोडतो. ऊन एकदा काचेच्या आत आलं की मग पडदा लावून काय उपयोग?"

काका वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काकूंच्या शब्दांत 'लग्नात माझ्याकडे बघताना नव्हता असा' आनंद होता. आनंद किंवा राग झाला की त्यांची भाषा थेट गावाकडे जायची. "मुलगी पसंत शे!" त्यांनी जाहीर केलं. पुतण्यानं अजून बशीतून मान वर काढली नव्हती.

"अहो, लग्न कुणाचं आहे?" काकू पुटपुटल्या.

लग्न झालं आणि चांगलं झालं. त्या सुनेशी काका फोनवर तासन्‌तास बोलत. विषय पत्र्याचं छप्पर.

आता इंदूकाकूंविषयी थोडं सांगायला हवं. त्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत, बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. पावसाळ्यात तिथं ढग खिडकीतून घरात येतात. "येऊन बसायचे घरात," काकू सांगत, "आम्ही काही त्यांना हाकललं नाही." उघड्या खिडकीशिवाय त्यांना झोप येत नसे. बंद खोलीत त्यांना डब्यात ठेवल्यासारखं व्हायचं. आणि त्यांचं लग्न झालं ते जगातली प्रत्येक फट बुजवायला निघालेल्या माणसाशी. एवढी वर्षं संसार कसा झाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "शिफ्ट ड्यूटी होती ना. ते कामावर गेले की मी उघडायचे."

निवृत्तीनंतर शिफ्ट संपली, आणि काकांनी दुहेरी काचेची खिडकी बसवायचं काढलं.

त्यांची झोपायची खोली रस्त्याच्या बाजूची. आमच्याकडे जेवायला बसलेले असताना त्यांनी विषय काढला. नेहमीची एकेरी काच म्हणजे मलमलचा सदरा, आणि दुहेरी म्हणजे गोधडी. दोन काचा, मध्ये बोटभर जागा, त्या जागेत कोरडी हवा कायमची कोंडलेली. "ती हवा कुठं हलतच नाही," काका आमटी ओरपत म्हणाले, "मग ऊब जाणार कुणाच्या पाठीवर बसून? एसी कमी चालेल, बिल कमी येईल, खिडकीचा खर्च वसूल."

"कधी वसूल?" काकूंनी विचारलं.

काकांनी डोळे छताला लावून हिशेब केला. हिशेबात ते कधी खोटं बोलत नसत, हीच त्यांची अडचण होती. "साधारण नव्वदीत," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या."

"म्हणजे नव्वदीत तुम्ही फायद्यात याल."

"आपण," काका म्हणाले. "आपण फायद्यात येऊ, इंदू."

काकूंना हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्यालाच संमती समजून काकांनी दुसऱ्या दिवशी अंबडच्या एका फॅब्रिकेटरला बोलावलं. तो बिचारा आपली माहिती सांगायला आला होता. जाताना त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा देऊन बाहेर पडलेल्याचा भाव होता.

खिडकी बसली आणि आमच्या इमारतीला एक प्रेक्षणीय स्थळ मिळालं. भर उन्हाळ्यात दुपारी येईल त्याला काका खोलीत नेत. "हात उलटा करा. बाहेरच्या काचेला लावा. आता आतल्या काचेला. काय वाटतं?" कुरियरवाला, मीटर बघायला आलेला माणूस, वर्गणी मागायला आलेलं मंडळ, कुणाची सुटका नव्हती. वर्गणीवाल्या पोरांनी फरक जाणवला असं एकमुखानं सांगितलं, त्यांना घसघशीत वर्गणी मिळाली. बाहेरून काकांनी वाळ्याचा पडदाही लावला होता, कारण काच झळ अडवते पण ऊन नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना बजावत. खोली खरंच गार राहायची. बिलही उतरलं. ते बिल त्यांनी आठवडाभर शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

पण त्या खिडकीनं आणखी एक काम केलं, जे काकांच्या ध्यानात नव्हतं. आवाज बंद झाला.

कमलबाई मखमलाबादहून रोज सकाळी भाजीची गाडी घेऊन यायच्या. स्वतःच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, पहाटे खुडलेली वांगी, सणावाराला झेंडू. गाडी कोपऱ्यावर आली की त्यांची हाक यायची, आणि काकू खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. टोपली खाली जायला आणि वर यायला कितीसा वेळ लागणार? पण त्यांना अर्धा तास लागायचा, कारण भाजी टोपलीतून यायची आणि बातम्या थेट. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं. आता कमलबाई खाली हाका मारून दमायच्या आणि वर काकू भिंतीसारख्या शांत खोलीत पोथी वाचत बसलेल्या असायच्या. खिडकी उघडता येत होती, पण काका उघडू देत नसत. मधली हवा कोंडून उपयोग काय, जर बाहेरची सगळी आत घ्यायची असेल?

काकूंनी भांडण केलं नाही. त्यांनी टोपली उचलली आणि आमच्या गॅलरीत येऊन बसल्या. रोज सकाळी. "माझं माहेर आता तुमच्याकडे," त्या आईला म्हणाल्या. काका त्यांचा चहा घेऊन आमच्या दारापर्यंत येत, कप माझ्या हातात देत आणि म्हणत, "टीचर, हा इंदूला द्या. आणि तुमचं दार लावून घ्या."

त्यातच एकदा दुपारी वीज गेली. काका पाणी सोडायला खाली गेले होते. किल्ली घरात, फोन घरात, आणि वीज नाही म्हणून बेल मुकी. जिना चढून त्यांनी दार ठोठावलं. काकू आतल्या खोलीत होत्या, आणि त्या खोलीच्या दारालाही काकांनीच रबराच्या पट्ट्या लावलेल्या. मग खाली जाऊन ते रस्त्यावरून ओरडू लागले, "इंदू! ए इंदू!" सगळी सोसायटी गॅलरीत आली. खिडकीशी काकूही आल्या. काचेतून त्यांनी खाली पाहिलं. काका दोन्ही हात हलवून दाराकडे, स्वतःकडे, पुन्हा दाराकडे खुणा करत होते. काकू हसल्या, त्यांनी हात हलवून निरोप दिल्यासारखं केलं आणि पडदा ओढून घेतला.

चहाच्या वेळी त्यांनी दार उघडलं. "मला वाटलं, खिडकी बाहेरून किती छान दिसते ते सांगताय," त्या म्हणाल्या. खरं काय, ते मी त्यांना पुष्कळदा विचारलं. त्या फक्त पदर नीट करायच्या.

त्या वर्षीची थंडी नाशिकला जोरात पडली. निफाडकडे तर पहाटे दवाचा बर्फ झाला म्हणून लोक फोटो पाठवत होते. त्याच थंडीत कमलबाई यायच्या बंद झाल्या. चार-आठ दिवस गाडी दिसली नाही म्हणून काकूंनी फोन लावला, आणि बोलता बोलता त्या आमच्या गॅलरीत खालीच बसल्या. कमलबाईंची सून दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. मुलगी एवढीशी. दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती, आता घरी सोडलं होतं. आईनं छातीशी धरून ठेवायचं, खोली उबदार राखायची, बाळ गार पडू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काका, काकू आणि मी मळ्यावर गेलो. विटांची खोली, वर पत्रा, आणि दक्षिणेकडे एक खिडकी. तिला काच नव्हती, नुसत्या लाकडी झडपा. झडपा लावल्या की आत अंधार आणि उघडल्या की वारा. झडपा लावून आत शेगडी पेटवली होती. डोळे चुरचुरत होते. सुनेनं बाळाला लुगड्याच्या आत छातीशी धरलं होतं आणि ती स्वतःच खोकत होती.

काका दारातच ताठ झाले. "हाई काय शे?" ते ओरडले, आणि बाळ आहे हे आठवून आवाज खाली आणला. "कमलबाई, आधी ती शेगडी बाहेर काढा. कोंडलेल्या खोलीत कोळसा जाळतात का? धुरानं जीव जाईल."

"मग काय करू साहेब?" कमलबाईंचा आवाज फुटला. "डॉक्टर म्हन्ले गरम ठिवा. शेगडी काढली का खोली लगेच गार पडती. लय वारा हाय हितं. पोर निळं पडलं तर मी काय करू?"

काकांनी हात उलटा केला आणि ते खोलीभर फिरले. पत्र्याच्या खाली, झडपांच्या फटींपाशी, दाराच्या उंबऱ्याशी. एरवी हे बघून आम्हाला हसू यायचं. त्या दिवशी सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. शेवटी ते झडपा उघडून उभे राहिले. दुपारचं ऊन थेट आत आलं, पार पलंगापर्यंत.

"एवढं ऊन फुकट आहे आणि तुम्ही झडपा लावून बसलाय," ते म्हणाले. "इथं काच पाहिजे. दिवसभर ऊन आत घ्यायचं आणि रात्री ते सांडू द्यायचं नाही. दुहेरी पाहिजे."

तिथूनच त्यांनी अंबडला फोन लावला. मापानं बनवायला आठवडा लागेल, असं उत्तर आलं. "तोवर बाळ थांबेल का?" काकांनी विचारलं.

"आपल्या खोलीची काढून द्या ना," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ही कल्पना तुला आत्ता सुचली?"

"आत्ताच."

"आधी नाही?"

"आधी बाळ कुठं होतं?" काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात दुसरंच काहीतरी होतं. दोन्ही खरं होतं, एवढं मी सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची खिडकी चौकटीसकट निघाली. खाली उतरवताना काका पायरीपायरीवर सूचना देत होते. कमलबाईंचे यजमान नामदेवराव आपली पिकअप घेऊन आले होते. तिच्यात गाद्या अंथरल्या, वर खिडकी आडवी निजवली, काका तिच्या शेजारी बसले, काकू आणि मी पुढे, आणि आम्ही मखमलाबादला गेलो.

तिथं कळलं की खिडकी भोकापेक्षा मोठी आहे. काकांनी मापं घेतली होती, पण घेतली होती आपल्याच भिंतीची. नामदेवरावांनी कंबरेवर हात ठेवून एकदा खिडकीकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. "खिडकी तर कापता येनार नाय," ते म्हणाले, "मंग भिंतच कापू." बाळ-बाळंतिणीला पलीकडच्या जावेच्या घरात नेऊन ठेवलं आणि त्यांनी घण घातला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या भिंतीला सुईएवढं भोक सहन केलं नाही, तो समोर उभा राहून म्हणत होता, "अजून थोडी. डावीकडून अजून थोडी पाडा."

संध्याकाळपर्यंत चौकट बसली, कडा बुजल्या. पत्र्याखाली बांबू बांधून जुन्या गोधड्या ताणल्या, कारण ऊब सगळ्यात आधी वर पळते. काका फटींमागून फटी बुजवत दारावरच्या झरोक्यापाशी आले आणि चिंध्यांचा बोळा आत कोंबणार, तोच काकू म्हणाल्या, "तो राहू द्या."

"इंदू, ऊब तिथूनच—"

"चार माणसं झोपणार या खोलीत. डब्यात कोंबताय का त्यांना? आत्ता काल तुम्हीच म्हणालात ना, कोंडल्यावर जीव जातो म्हणून?"

काका बोळा हातात धरून स्टुलावर उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मानेच्या शिरेवर दिसत होतं. मग ते म्हणाले, "अर्धा ठेवू." आणि त्यांनी खरोखर अर्धा झरोका मोकळा सोडला. आपल्या हातानं मोकळी ठेवलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली फट असावी.

बाळाला आत आणलं. सुनेनं पलंगावर बसून लुगडं जरा बाजूला केलं. मुठीएवढं तोंड. काका हात मागे बांधून उभे होते, जवळ जायला धजत नव्हते. कमलबाई म्हणाल्या, "बघा की साहेब, हात लावून बघा. गरम हाय का?" काकांनी हात पुढे केला आणि मागची बाजू त्या इवल्या पावलाला टेकवली. त्याच क्षणी बाळानं तोंड भरून जांभई दिली.

परतल्यावर सोसायटीच्या गेटाशी पिकअपमधून उतरताना काका मला म्हणाले, "टीचर, एवढी वर्षं नळ्या सांभाळल्या. नळी कधी जांभई देत नाही हो."

पुढचे दिवस ते रोज एक फेरी मखमलाबादला मारत. पोरीनं अंग धरलं. दवाखान्यात वजन वाढलं म्हणून सांगितलं, त्या दिवशी कमलबाईंनी सगळ्या सोसायटीला फुकट मेथी वाटली. नाव ठेवायचं ठरलं तेव्हा काकांनी न विचारताच सुचवलं, "ऊर्जा."

"ऊर्जा?" कमलबाई म्हणाल्या. "असलं काय नाव असतंय व्हय? आमी गौरी ठिवलंय."

काका दोन दिवस रुसले. नंतरही ते त्या पोरीला ऊर्जाच म्हणत, आणि ती दोन्ही नावांना ओ द्यायला शिकली.

इकडे काकांच्या खोलीच्या भोकाला काही दिवस प्लॅस्टिकचा कागद होता. मग काकूंनी कुणाला न विचारता सुताराला बोलावून साधी, एकेरी काचेची, दोन्ही झडपा बाहेर उघडणारी खिडकी लावून घेतली. काका रात्री कानटोपी, मफलर आणि दोन ब्लँकेटं घेऊन झोपू लागले. तक्रार रोज करत. दुसरी दुहेरी खिडकी मात्र त्यांनी कधी आणली नाही. सकाळी कमलबाईंची हाक आली की काकू टोपली सोडत, आणि आताशा मागून काकांचाही आवाज येई, "ऊर्जा कशी आहे? काच पुसता की नाही रोज? धुळीनं ऊन अडतं!"

मखमलाबादला त्या खिडकीची बातमी पसरली. लोक काकांना बोलवायला लागले. कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना दमा, कुणाच्या पोल्ट्रीत पिल्लं मरतात, कुणाच्या घरी पत्रा तापून राहवत नाही. बहुतेकांना काका सांगत की दुहेरी काच तुम्हाला परवडायची नाही आणि लागायचीही नाही, बाहेरून चिकाचे पडदे लावा, पत्र्यावर चुना मारा, फटी बुजवा. आणि एक झरोका मोकळा ठेवा, हे शेवटी, तोंड वाकडं करून. ज्याला खरंच गरज असेल त्याच्यासाठी ते अंबडला जाऊन त्या फॅब्रिकेटरच्या डोक्यावर बसत. काकू म्हणायच्या, "निवृत्तीनंतर या माणसाला पुन्हा शिफ्ट ड्यूटी लागली. बरं झालं."

पण मला ते आठवतात ते गेल्या एप्रिलमधले. मी शाळेतून रिक्षानं येत होते. अशोकस्तंभाच्या सिग्नलला रिक्षा थांबली. रणरणतं ऊन, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. शेजारी नामदेवरावांची पिकअप येऊन उभी राहिली. मागे काका बसले होते, डोक्याला ओला पंचा, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये रजईत गुंडाळलेली एक मोठी काच उभी धरलेली. तिच्यावर त्यांनी दोन्ही हात टाकले होते. शेजारी गौरी बसली होती, लाल फ्रॉक, तोंडाला आईस्क्रीम. काका नामदेवरावांना ओरडून सांगत होते की ब्रेक हळू दाबा.

त्यांनी मला पाहिलं. हात काढता येईना, म्हणून त्यांनी भुवया उडवल्या. गौरीनं मात्र त्यांच्या वतीनं हात हलवला.

"कुठं निघालात एवढ्या उन्हाचं?" मी ओरडले.

"मातोरीला! शाळेत! पहिलीचा वर्ग पश्चिमेला आहे हो, टीचर! पोरं भाजून निघतात!"

सिग्नल हिरवा झाला. पिकअप हलली. काका काचेला घट्ट बिलगले, आणि जाता जाता माझ्याकडे वळून त्यांनी काहीतरी सांगितलं. हॉर्नच्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून विचारलं, काय? ते पुन्हा ओरडले. तेही ऐकू आलं नाही. मग पिकअप वळणावर गेली. गौरी आईस्क्रीमचा हात त्या रजईला पुसत होती, आणि काका तिला काही म्हणत नव्हते.